नाहीतरच्या पुढचं

यंत्राला अर्धं बोललेलं कळत नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगितलं. माणसाला कळतं. सासूने आतून नुसतं 'अगं, चहा…' म्हटलं की सुनेला साखर किती, आलं घालायचं का, पाहुणे कोण, सगळं उमजतं. यंत्राला ते उमजत नाही. त्याला एकेक गोष्ट क्रमाने सांगावी लागते, आणि सांगितली तेवढीच ते करतं.

तेव्हा मी साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात शिकवत होते. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. माझं माहेर भडगावचं, सासर जळगावात पिंप्राळ्याला. नवरा आणि मुलगा तिकडे, आणि मी आठवडाभर साक्रीत भाड्याच्या खोलीत. तिथून रोज काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन गावात जायचं. शाळेला एक कॉम्प्युटर मिळालेला होता. तो आला त्या दिवशी नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाले. मग एका वळवाच्या पावसात विजेचा असा झटका आला की तो जो गेला तो गेलाच. हार मात्र बरेच दिवस टिकला, प्लास्टिकचा होता.

अशात धुळ्याला एक प्रशिक्षण निघालं. विषय, कॉम्प्युटर नसताना लहान मुलांना कॉम्प्युटरची विद्या शिकवणे. 'म्हणजे विहिरीशिवाय पोहणं,' असं मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. शिकवणारा पोरगेला होता, त्याने ऐकलं असावं, कारण तो थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर म्हणजे डबा. विद्या डोक्यात असते." मला त्याचा राग आला, पण दिवस संपेपर्यंत पटलंही. पिंप्राळ्याला माझा मुलगा क्लासला जाऊन स्क्रीनवरचं मांजर उजवीकडे-डावीकडे चालवत होता, आणि त्या क्लासच्या बाहेर स्कूटरवर बसून आम्ही आया फार मोठं काही चाललंय अशा तोऱ्यात असायचो. तेच सगळं आमच्या गावातली मुलं खडू आणि फरशीवर शिकू शकत होती. मग मी शिकवायला लागले.

खेळाचं नाव मुलांनीच पाडलं, मशीन-मशीन. एकाने मशीन व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. पहिल्याच दिवशी भाकरी करायला घेतली. मशीन झाली होती चौथीतली एक मुलगी, बारीक अंगाची, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची. तिला मी इथे धाकटी म्हणते, कारण तिची थोरली बहीणही माझ्याच हाताखालून गेली होती. मुलं ओरडली, "पीठ ले!" तिने पीठ घेतल्यासारखं केलं आणि मूठ तशीच धरून उभी राहिली. "पानी टाक!" तिने पाणी टाकलं, जमिनीवर. वर्ग लोळायला लागला. "अये, पीठमा टाक ना!" तेव्हा ती मान ताठ ठेवून म्हणाली, "तशे सांगं का?" मी खुर्चीवर बसून डोळे पुसले, इतकी हसले. धाकटीचं हेच होतं. हुकमातली भोकं तिला आधी दिसायची. दुसरं कोणी मशीन असलं आणि कोणी अर्धवट बोललं की ही मागून म्हणायची, "हाई अर्धं शे." मोठी होऊन ही पोरगी या विद्येत काही करील असं मला खरोखर वाटायचं, आणि तसं मी थोरलीला बोललेही होते.

थोरली सातवीत, साक्रीच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत. सकाळी माझी काळीपिवळी यायच्या वेळी ती फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी असायची. आईबाप दिवाळीनंतर लहानग्या भावाला घेऊन ऊस तोडायला गुजरातेत जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. तोवर दोघी बहिणी घरी राहायच्या. थोरली भाकरी करून, धाकटीची वेणी घालून, तिला शाळेत धाडून मग स्वतःच्या शाळेला जायची. थोरली होती म्हणून धाकटीची शाळा होती, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. मी थोरलीला म्हटलं, "हिला पुढे शिकव हं." ती लाजून म्हणाली, "हो बाई." जणू धाकटी तिची मुलगी होती, आणि ती स्वतः कोणाचं लेकरू नव्हतीच.

दिवाळीच्या आधी आम्ही जर-तर-नाहीतरवर आलो. यंत्र निवड कशी करतं, तो धडा. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत उदाहरण होतं, 'जर पाऊस असेल तर छत्री घे, नाहीतर टोपी घाल.' मी फळ्यावर अर्धं लिहिलं आणि विचारलं, "जर पाऊस असेल तर छत्री घे, नाहीतर…?"

"भिजशी!" सगळा वर्ग एका सुरात.

"अरे, पाऊस नाहीच आहे. मग कसं भिजेल?"

"छत्री नही लिधी ते भिजाईच ना, बाई!"

मी दुसरं उदाहरण दिलं. जर घंटा झाली तर घरी जा, नाहीतर? "मार पडी!" जर भूक लागली तर जेव, नाहीतर? "मांजर खाई जाई!" आधी माझी चिडचिड झाली. साधी गोष्ट आहे, अट खरी असेल तर हे, खोटी असेल तर ते. मग फळ्याकडे बघता बघता लक्षात आलं की पोरांचं काही चुकत नव्हतं. पुस्तिकेतलं नाहीतर अटीला चिकटतं. आपल्या बोलण्यातलं नाहीतर हुकमाला चिकटतं. हे कर, नाहीतर. ऐक, नाहीतर. भडगावला माझी आईही असंच बोलायची आणि मीही पिंप्राळ्याला माझ्या मुलाशी असंच बोलते. आपल्याकडच्या पोराला 'नाहीतर' हा शब्द दुसरी वाट दाखवायला कोणी कधी वापरलेलाच नसतो.

म्हणून मी म्हटलं, बरं, आधी तुमच्या घरचे नाहीतर सांगा, म्हणजे पुस्तकातला वेगळा काढता येईल. हात वर झाले. शेळ्या वळ, नही ते जेवन नही. पानी भर, नही ते झिंज्या उपटसू. गुपचूप झोप, नही ते कोल्हा येई. आणि बरेचसे नुसतेच अर्धे. "इकडे ये, नही ते…" एवढंच म्हणून पोरगं थांबायचं आणि बापासारखे डोळे वटारायचं. मी म्हटलं, अर्धं नाही चालणार, मशीनला पूर्ण लागतं, पुढचं सांगा. आठवून आठवून त्यांनी सांगितलं. काही उत्तरं ऐकून मलाच पुढे विचारवेना.

धाकटीची पाळी आली. ती म्हणाली, "सांगू नको, नही ते…"

"काय सांगू नको?"

"तेच ते सांगानं नही ना, बाई!"

वर्ग हसला. मीही हसले. ती हसली नाही.

खिचडीच्या सुट्टीत ती माझ्या मागे मागे फिरत होती. मी पाण्याच्या टाकीपाशी डबा धूत होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही मशीन व्हा."

"आत्ता?"

"व्हा ना."

मी डबा खाली ठेवला, हात ताठ केले, मान सरळ केली. ती समोर आली आणि परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "मशीन कोनले सांगस का?"

"सांग म्हटलं तर सांगतं. नाहीतर नाही."

"मंग मना हुकूम. कोनले सांगू नको." आणि माझा खांदा खाली ओढून तिने कानात सांगितलं, "ताईनं लगीन शे. येता बाजारना दिन. ताई चुल्हापाशी बशीसन रडस."

मला मशीन राहता येईना, पण मान हलवली असती तर ती पळाली असती. मी तशीच ताठ राहून विचारलं, "आणि सांगितलं तर? नाहीतर काय?"

"बापले पोलीस लई जातीन. माय म्हने, मंग तू नि मी काय खासूत?" आणि तिने माझ्या खांद्यावर बोट दाबलं. "आते मशीन बंद." भांडं विसळायला ती निघून गेली. एवढं मोठं ओझं माझ्याकडे टाकून तिला बरं वाटलं असावं, कारण नंतरच्या तासाला ती गाण्यात सगळ्यांच्या पुढे होती.

तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. लग्नाचे दिवसच नव्हते ते, मुहूर्त नाही, वाजंत्री नाही. म्हणूनच कोणाला शंका आली नसती. चार माणसं जीपमध्ये बसून जाणार, हार घालणार आणि तिकडून उसाच्या फडावर. आठवडाभर थोरली मला फाट्यावर दिसली नव्हती आणि मी समजत होते, सहामाही परीक्षा संपली असेल.

मला काय करायचं ते ठरवायला वेळ लागला नाही. ज्यांना असं वाटतं की मी रात्रभर तळमळले असेन, त्यांना सांगते, मी नाही तळमळले. सातवीतल्या पोरीचं लग्न थांबवायचं असतं. धाकटीने मला हुकूम दिला होता, पण मी यंत्र नव्हते. तिचाही विचार मी केला. थोरली सासरी गेली की धाकटीला मागे कोण सांभाळणार? तिचीही शाळा सुटणारच. एक दोर कापला असता तर दोघी पडल्या असत्या. मी मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ग्रामसेवकाला सांगितलं, अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं, आणि प्रत्येकाला बजावलं की हे कुठून कळलं ते बोलायचं नाही.

आली सगळी. जीप आली, ग्रामसेवक आला, पोलीस पाटील आले, दोन हवालदार आले. बापाकडून लिहून घेतलं, थोरलीला समोर बसवून 'शिकायचंय ना तुला?' असं विचारलं. ती काय बोलणार? मान खाली. मुलीचं लग्न करणार नाही, खाली अंगठा, पाटलांची साक्ष. चहा झाला. फोटोही निघाला. मग जीप गेली. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला. नेहमीसारख्या वहाणा पायरीखाली काढल्या. हा माणूस काही राक्षस नव्हता. आपल्या परसातल्या काकड्या पिशवीत घालून मुलींच्या हाती मला पाठवणारा, पोरींच्या शाळेत काय चाललंय ते न चुकता विचारणारा. तो दाराशी उभा राहून म्हणाला, "बाई, आम्ही तुमनं काय वाईट करं?"

मी कायद्याचं बोलले, वयाचं बोलले, बाळंतपणात मरणाऱ्या पोरींचं बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोर वयमा उनी, मोठी झायी. गावमा एकली कशी ठेवू? तठे फडवर लई जाऊ ते पाचटनं खोपटं, दार नही, कडी नही. तुम्ही सांगा कोठे ठेवू. तुमना घर ठेवशात का?"

साक्रीतली माझी खोली म्हणजे एक पलंग आणि एक शेगडी. पिंप्राळ्याचं घर माझं एकटीचं नाही. मी म्हटलं, वसतिगृहात नाव घालू, मी धावपळ करते. ती मी केलीही. तालुक्याला गेले, तिथल्या साहेबांनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, मॅडम, मध्येच नाव लागत नाही, जूनमध्ये या. पण हे पुढचं. त्या क्षणी मी फक्त 'बघते' म्हटलं, आणि 'बघते' म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

जाता जाता तो थांबला. "धाकलीनी सांगं ना?"

"नाही," मी म्हटलं. "ती काही बोलली नाही."

"मी तिले विचारं," तो म्हणाला. "ती म्हनस, मी बाईले नही सांगं. मशीनले सांगं."

मागे वर्गात पोरं पाढे म्हणत होती. मला त्याच्याकडे बघवेना.

"मी हात नही लावा तिले," तो म्हणाला. "पन मायनी…" एवढंच. वहाणा घालून तो गेला. मी त्याला हाक मारून पुढचं विचारायला हवं होतं, पण माझी छाती झाली नाही.

लग्न झालं. लिहून दिलं होतं ते महाराष्ट्रात, लग्न लागलं गुजरातेत, फडाजवळच्या कुठल्याशा गावी. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी पोषण आहाराचे तांदूळ मोजून घेत होते. मी ग्रामसेवकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आपल्या हद्दीत नाही झालं ना?" आवाजात सुटका होती. मी फोन कापला, आणि पोत्याला लाथ मारली. तांदूळ सांडले, मग ते मलाच गोळा करावे लागले.

धाकटीला ते बरोबर घेऊन गेले. मागे ठेवणार कोणाकडे? तिकडे आईबाप फडात असताना लहान भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, चूल पेटवायची. वर्गात तिची जागा दारापाशी होती. पोरं काही दिवस ती सोडून बसली, मग कोणीतरी तिथे दप्तर ठेवायला लागलं.

धडे चालू ठेवले. जर-तर पुढे पुस्तिकेत आणखी बरंच काही होतं. एकदा तालुक्याचे साहेब तास बघायला आले. पोरांनी मशीन-मशीन खेळून दाखवलं, फरशीवरच्या चौकटीत एक पोरगं हुकमाप्रमाणे उजवीकडे-डावीकडे वळलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "ग्रामीण भागात एवढं! वा." मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी 'धन्यवाद सर' म्हटलं.

माझं चुकलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे, नवऱ्यानेही. नाही चुकलं. उद्या पुन्हा कोणी कानात सांगितलं तर मी पुन्हा तोच फोन लावीन. पण मी फोन लावला आणि मार तिने खाल्ला, हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. त्या पोरीने गावातल्या सगळ्या माणसांत सांगायला मला निवडलं, आणि तेही मी माणूस नाही असं आधी नक्की करून घेऊन. हे आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माणसं परतली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. शाळेला सुट्टी लागली होती, मी पिंप्राळ्याला निघणार होते, तरी आधी त्या गावात गेले. धाकटीचा चौथीचा दाखला द्यायला, असं स्वतःला सांगितलं. पाचवीत नाव घालायला तो लागतो.

घराच्या बाजूला निंबाला झोका बांधलेला होता. त्यावर थोरली बसली होती, एकटीच, पाय जमिनीला टेकवून. अंगावर जरीचं कोरं पातळ, गळ्यात काळी पोत. मला बघून ती उठली नाही की हसली नाही. तिने फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला, गावात वडीलधारं माणूस दिसल्यावर बाया ओढतात तसा. आत चुलीचा धूर होता आणि भांड्यांचा आवाज येत होता. मी दारापाशी गेले तशी आवाज थांबला.

धाकटी बाहेर आली. उन्हाने काळी पडली होती, वेण्या नव्हत्या, केस बारीक कापलेले. कडेवर भाऊ.

"बाई, घरमा कोनी नही," ती म्हणाली.

आत तिची आई खोकली. धाकटीने मागे पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांकडे बघत होती, अगदी सरळ, आणि त्या बघण्यात काहीच नव्हतं, राग नाही, लाज नाही, ओळखसुद्धा नाही.

मी म्हटलं, "बरं. हा दाखला घे. जूनमध्ये पाचवीत जाशील ना?"

तिने कागद घेतला, भावाच्या हाताला लागणार नाही असा धरला.

"सगळा सांगतीन तशे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला काय करायचंय, ते सांग ना मला."

ती थांबली. मी काय विचारते आहे ते तिला समजलंच नसावं, अशी थांबली. मग भावाला दुसऱ्या कडेवर घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.